औषध पोचलं का? पॅक्लिटॅक्सेल आणि ग्लिओब्लास्टोमाचं प्रकरण

कर्करोगाच्या डे-केअरमध्ये घरच्या माणसाशेजारी बसून ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना पॅक्लिटॅक्सेल ओळखीचं असतं. आधी अ‍ॅलर्जी रोखणारं एव्हिल आणि डेक्साचं इंजेक्शन, मग तासन्‌तास चालणारं सलाईन, दोन-तीन आठवड्यांत गळणारे केस, पुढे हातापायांच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या. स्तन, अंडाशय, फुफ्फुस अशा कितीतरी कर्करोगांवर हे औषध रोज वापरलं जातं. प्रयोगशाळेतल्या बशीत ग्लिओब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या सर्वांत आक्रमक गाठीच्या, पेशींवर ते टाकलं तर अगदी थोड्या मात्रेत त्या मरतात. टेमोझोलोमाइड हे या आजारावरचं आजचं ठरलेलं औषध, पण बशीत तेवढंच काम करायला त्याची मात्रा हजार पटींहून जास्त लागते. तरीही मेंदूच्या गाठीसाठी पॅक्लिटॅक्सेल कुणी लिहून देत नाही. १९९० च्या दशकात देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही, विषय मिटला.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये तो पुन्हा उकरून काढला. औषध निकामी आहे आणि औषध पोचलंच नाही, हे दोन वेगळे निकाल आहेत. मेंदूच्या बाबतीत त्यांची गल्लत फार झाली आहे. ती सोडवायची कशी, हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधीची हकिगत

अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलात पॅसिफिक यू नावाचं सावकाश वाढणारं झाड आहे. १९६२ मध्ये त्याची साल सरकारी वनस्पतीशोध मोहिमेत गोळा केली गेली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या हाती आली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा, रसायनशास्त्राचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, नंतर अमेरिकेत पीएच.डी. या दोघांनी सालीतून टॅक्सॉल, म्हणजेच आजचं पॅक्लिटॅक्सेल, वेगळं काढलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये त्याचं काम कसं चालतं ते दाखवलं: पेशीचे दोन भाग होताना ज्या सूक्ष्मनलिका बनाव्या आणि मोडाव्या लागतात, त्या हे औषध मोडूच देत नाही. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते आणि मरते. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. नंदुरबारच्या या माणसाचं नाव आपल्याकडे किती कमी लोकांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

ग्लिओब्लास्टोमाची परिस्थिती तेव्हा वाईट होती आणि आजही फारशी बरी नाही. शस्त्रक्रियेने गाठ काढायची, सहा आठवडे रेडिएशन, सोबत आणि नंतर टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल. रॉजर स्टुप यांच्या २००५ च्या अभ्यासाने हा क्रम जगभर रूढ केला. त्यात ५७३ रुग्ण होते. नुसत्या रेडिएशनवर मध्यम आयुर्मान १२.१ महिने निघालं, औषध जोडल्यावर १४.६. अडीच महिन्यांचा हा फरक मोठा मानला गेला, यावरून बाकी काय होतं त्याची कल्पना यावी. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं, ही त्यातली खरी जमेची बाजू. टेमोझोलोमाइड मेंदूत शिरतं, कारण त्याचा रेणू लहान आहे, वजन १९४ डाल्टन. पॅक्लिटॅक्सेलचा ८५४ डाल्टनचा.

नव्वदच्या दशकात पॅक्लिटॅक्सेल नसेतून देऊन झालेल्या चाचण्यांमध्ये गाठी क्वचितच आटल्या. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांत तर यकृत ते लवकर मोडून टाकी, म्हणून त्यांना डोस वाढवून द्यावा लागला. वाढवूनही हाती काही लागलं नाही.

अडसर नेमका कुठे आहे

एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये केलेला प्रयोग आजही शिकवला जातो. प्राण्याच्या रक्तात निळा रंग सोडला तर सगळं शरीर निळं होतं, मेंदू आणि मज्जारज्जू तेवढे पांढरे राहतात. तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तर उलट, मेंदू निळा आणि बाकी शरीर कोरं. दोन्हींच्या मध्ये काहीतरी आहे हे कळलं. ते काय आहे हे दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्हस्की यांनी दाखवलं की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात, त्यांच्यामधून काही झिरपत नाही. शरीरात इतरत्र औषध या फटींतूनच ऊतींत उतरतं.

फटी नाहीत, तर पेशीच्या आरपार जायचं. पॅक्लिटॅक्सेलला ते जमायला हवं होतं, कारण ते चरबीत विरघळणारं आहे आणि पेशीचं आवरण चरबीचंच असतं. पण त्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप आहेत. अनोळखी रेणू आत शिरला की ते त्याला पकडून परत रक्तात टाकतात, आणि पॅक्लिटॅक्सेल हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. म्हणजे गावाला तटबंदी आहे, आणि वेशीतून कसाबसा आत आलेला माणूसही राखणदार धरून बाहेर काढतो.

इथे एक मुद्दा असा आहे की तो समजून घेताना डॉक्टरांचीही पुष्कळ वर्षं गेली, म्हणून त्यावर जरा थांबतो. एमआरआय करताना गॅडोलिनियम हा कॉन्ट्रास्ट नसेतून देतात. निरोगी मेंदूत तो शिरत नाही. ग्लिओब्लास्टोमाच्या फिल्मवर मात्र गाठीची कड पांढरी चमकते, कारण गाठीने स्वतःसाठी घाईने बनवलेल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात आणि त्यांतून कॉन्ट्रास्ट गळतो. ते पाहून वाटतं की अडसर तुटलेलाच आहे, औषध आपोआप जाईल. आणि त्या चमकणाऱ्या भागापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

पण सर्जन नेमका तोच भाग काढतो. मागे राहतात त्या पेशी चमकणाऱ्या कडेच्या पलीकडे, फिल्मवर साध्या दिसणाऱ्या मेंदूत घुसलेल्या असतात. तिथल्या केशवाहिन्या मूळच्या, शाबूत, पंपांसकट आहेत. गाठ परत येते ती बहुतेक वेळा काढलेल्या जागेपासून दोन-एक सेंटिमीटरच्या आत, याच पट्ट्यातून. तेव्हा कच्च्या वाहिन्यांच्या गाभ्यात औषध सापडलं, या पुराव्याला माझ्या लेखी फारसं वजन नाही. तो गाभा सर्जनच्या बादलीत गेलेला असतो. औषध त्या कडेबाहेरच्या पट्ट्यात सापडायला हवं.

आधीचे दोन मार्ग

पहिला मार्ग पंप बंद करण्याचा. २००२ मध्ये एका जर्मन गटाने उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी वाढवल्या आणि पॅक्लिटॅक्सेलसोबत पंप रोखणारं औषध दिलं. गाठींचं आकारमान ९० टक्क्यांनी घटलं. नुसत्या पॅक्लिटॅक्सेलने काही झालं नव्हतं. पण हेच पंप माणसाच्या यकृतात, आतड्यात, रक्त बनवणाऱ्या मज्जेतही असतात, आणि सगळीकडे ते बंद करून केमो दिली तर विषबाधा आवरत नाही. तो मार्ग माणसांत पुढे सरकला नाही.

दुसरा मार्ग अडसर टाळून सरळ मेंदूतच नळी घालण्याचा. तेल अवीवमध्ये परत आलेल्या गाठींच्या १५ रुग्णांना बारीक कॅथेटरमधून, हलक्या दाबाखाली, पॅक्लिटॅक्सेल थेट गाठीत दिलं. २००४ मध्ये अहवाल आला: ११ जणांत गाठ आटली. नसेतून देऊन हे कधी झालं नव्हतं. त्याचबरोबर मेंदूच्या आवरणाला रासायनिक दाह, संसर्ग, अशा गुंतागुंतीही इतक्या झाल्या की हे नेहमीच्या वापरात आलं नाही. तरी या अभ्यासाला मी मोठं मानतो. बशीतली गोष्ट माणसाच्या मेंदूतही खरी ठरू शकते हे त्याने दाखवलं. फक्त पोचवायची रीत बरोबर नव्हती.

ध्वनिलहरी आणि बुडबुडे

तेव्हा बोस्टनमध्ये असलेले कुलेर्व्हो हायनिनन आणि सहकारी यांनी २००१ मध्ये सशांवर दाखवलेली कल्पना अशी: हृदयाच्या सोनोग्राफीत वापरतात तसे वायूचे सूक्ष्म बुडबुडे नसेतून सोडायचे. ते लाल रक्तपेशीपेक्षाही लहान असतात आणि केशवाहिनीतून सहज वाहतात. त्याच वेळी मेंदूच्या ठरावीक भागावर कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाऊंड लहरी सोडायच्या. लहरींच्या तालावर बुडबुडे फुगतात आणि आक्रसतात, वाहिनीच्या भिंतीला आतून ओढतात, ढकलतात, आणि पेशींचे सांधे काही वेळ सैल पडतात. लहरी थांबल्या की ते पुन्हा मिटतात. बुडबुडे नसते तर एवढं करायला कितीतरी जास्त ऊर्जा लागली असती आणि ऊती भाजल्या असत्या.

माणसात अडचण कवटीची. हाड अल्ट्रासाऊंड शोषून घेतं आणि वाकवतं. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयाने हजारावर उत्सर्जक असलेलं शिरस्त्राण वापरून हाडाचा परिणाम गणिताने भरून काढला आणि २०१५ मध्ये बाहेरूनच अडसर उघडला. पॅरिसच्या पितिए-साल्पेत्रिएर रुग्णालयात अलेक्सांद्र कार्पांतिए यांनी २०१४ पासून वेगळी वाट धरली. गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी कवटीचा तुकडा काढावाच लागतो, मग त्याच जागी, कातडीखाली, छोटं अल्ट्रासाऊंड उपकरण बसवून टाकायचं. म्हणजे लहरींच्या वाटेत हाडच नाही. उपकरणाचं नाव सोनोक्लाऊड. सुरुवातीला त्यात एकच उत्सर्जक होता, पुढच्या आवृत्तीत नऊ आले, त्यामुळे गाठ काढलेल्या पोकळीभोवतीचा बराच मोठा भाग एकाच वेळी उघडता येऊ लागला. पॅरिसचं पहिलं औषध कार्बोप्लॅटिन, केमोचंच एक जुनं औषध, होतं.

शिकागोची चाचणी

नॉर्थवेस्टर्नचे न्यूरोसर्जन अ‍ॅडम सोनाबेंड आणि आता तिथेच आलेले स्टुप यांनी पॅक्लिटॅक्सेल निवडलं. पण कोणतं पॅक्लिटॅक्सेल? हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून नेहमीच्या बाटलीत ते एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर या द्रावकात असतं. डे-केअरमध्ये आधी एव्हिल आणि डेक्सा द्यावं लागतं ते मुख्यतः त्याच्या रिअ‍ॅक्शनमुळे. उंदरांवर पाहिलं तेव्हा अडसर उघडून क्रेमोफोरचं पॅक्लिटॅक्सेल दिलं की मेंदूला इजा होई, आणि नुसतं क्रेमोफोर दिलं तरी होई. अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाच्या कणांवर बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल, ज्याला आपल्याकडे नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, ते मात्र सोसलं गेलं. एका चांगल्या औषधाचा दोष त्याच्या द्रावकात असावा आणि तो इतक्या उशिरा वेगळा काढला जावा, हे मला फार शिकवून जातं.

चाचणी पहिल्या टप्प्याची, म्हणजे सुरक्षितता आणि डोस ठरवण्यापुरती. ऑक्टोबर २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात १७ रुग्ण घेतले, सगळ्यांची गाठ उपचारांनंतर परत आलेली. शस्त्रक्रियेत गाठ काढून नऊ उत्सर्जकांचं उपकरण बसवलं. जखम भरल्यावर दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा वेळा, हा क्रम: रुग्ण जागा, खुर्चीत बसलेला. डोक्याच्या कातडीतून सुई टोचून उपकरण बाहेरच्या यंत्राला जोडायचं. नसेतून बुडबुडे. चार-साडेचार मिनिटं लहरी. लगेच नॅब-पॅक्लिटॅक्सेलचं सलाईन, अर्ध्या तासाचं. काही तासांनी रुग्ण घरी. एकूण ६८ वेळा हे झालं.

लहरींनंतर अडसर किती वेळ उघडा राहतो हेही त्यांनी पाहिलं. पहिल्या तासाभरातच तो बराचसा मिटतो. त्यामुळे औषध कधी लावायचं याला इथे फार महत्त्व आहे. बाटली फार्मसीतून उशिरा आली तर सगळी मेहनत पाण्यात.

या अभ्यासातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. काही रुग्णांत गाठ काढून झाल्यावर तिथेच लहरी दिल्या आणि औषध दिलं. फ्लुरेसिन नावाचं चमकणारं द्रव्यही दिलं. शाबूत अडसरातून ते जात नाही, म्हणून जिथे अडसर उघडला तिथेच मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा चमकला. मग सर्जनने दोन प्रकारचे नमुने घेतले: लहरी पडलेल्या भागातून आणि न पडलेल्या भागातून. दोन्ही गाठीच्या बाहेरच्या, कडेपलीकडच्या मेंदूतले. एकाच माणसाचा मेंदू, एकच रक्त, औषधाची एकच बाटली. फरक फक्त लहरींचा.

न उघडलेल्या भागात पॅक्लिटॅक्सेल सरासरी ०.०३७ मायक्रोमोलर (औषधाच्या तीव्रतेचं माप) होतं, उघडलेल्या भागात ०.१३९. जवळपास पावणेचार पट. ज्यांना टेबलावर कार्बोप्लॅटिन दिलं त्या रुग्णांत हेच आकडे ०.९९१ आणि ५.८७८, म्हणजे सहापटीच्या जवळ. माणसाच्या कडेबाहेरच्या मेंदूत, त्याच रुग्णाच्या दुसऱ्या भागाशी ताडून घेतलेली ही मोजणी आहे. २०२३ च्या मे महिन्यात लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत ती प्रसिद्ध झाली.

डोस ४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरपासून चढवत २६० पर्यंत नेला. स्तनाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी पूर्ण डोस म्हणून देतात तो हाच. एका रुग्णाला २६० वर पहिल्याच खेपेत तीव्र एन्सेफॅलोपॅथी झाली, म्हणजे भान आणि विचार गोंधळले, आणि कारण पॅक्लिटॅक्सेलच ठरलं. दुसऱ्या एकाला दुसऱ्या खेपेत तेच थोडं सौम्य झालं. दोघेही बरे झाले आणि कमी डोसवर उपचार पुढे चालू राहिले. पांढऱ्या पेशी घटणं तर नेहमीचंच, रक्तदाब वाढणं आणि लहरींनंतर थोडा वेळ डोकं दुखणं हेही दिसलं. उपचारामुळे मृत्यू झाला नाही, कायमची वाढत जाणारी मज्जासंस्थेची हानी दिसली नाही. एन्सेफॅलोपॅथी वाईटच, पण नसेतून दिलेलं पॅक्लिटॅक्सेल हातापायांच्या मज्जातंतूंना त्रास देण्यासाठी ओळखलं जातं, मेंदूला नव्हे. मेंदूने तक्रार केली याचा अर्थ औषध तिथे पोचलं, आणि पोचलेलं औषध निरोगी पेशींनाही लागतं. अडसर उघडणाऱ्या प्रत्येक उपचाराला या किमतीचा हिशेब ठेवावाच लागेल.

यातून काय म्हणता येतं

औषध पोचतं, पुन्हा पुन्हा पोचवता येतं, आणि बहुतेकांना सोसतं, एवढं म्हणता येतं. रुग्ण जास्त जगतात हे म्हणता येत नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, संख्या १७, आणि निवड अशा रुग्णांची की ज्यांची दुसरी शस्त्रक्रिया करणं शक्य होतं. पावणेचार पट हा आकडा मोठा वाटतो, पण सुरुवात मुळात फार थोड्यापासून आहे. पंप अजून जागेवर आहेत, त्यामुळे आत गेलेलं औषध किती वेळ टिकतं हे वेगळं पाहावं लागेल. आणि उपकरण मेंदूच्या एकाच बाजूचा, एकाच पोकळीभोवतीचा भाग उघडतं. विरुद्ध गोलार्धात गेलेल्या पेशींना त्याचा स्पर्श नाही.

बातम्यांमध्ये यातलं काही उरत नाही. 'अल्ट्रासाऊंडने मेंदूचा कर्करोग बरा' अशा मथळ्याचा फोटो मोबाईलवर घेऊन नातेवाईक ओपीडीत येतात. "डॉक्टर, काकांना हे का नाही करत? पैशाचं आम्ही बघतो." त्यांना हाकलून देऊ नये. आज आपल्याकडे ग्लिओब्लास्टोमाला शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हाच उपचार आहे. अल्ट्रासाऊंडचा प्रकार अजून चाचणीतच आहे, त्यामुळे कुणी पैसे घेऊन तो देतो म्हणाला तर तिथून निघून यावं, हे त्यांना शांतपणे, वेळ देऊन सांगायला हवं. गाठीचं मूळ पॅथॉलॉजी, एमजीएमटी तपासणीचा (टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल हे सांगणाऱ्या) रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी जपून ठेवा, हेही सांगावं, कारण चाचणीत जायची वेळ आलीच तर पहिल्या दिवशी तेच मागतात.

नॉर्थवेस्टर्नच्या याच चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात नॅब-पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन दोन्ही एकत्र देणं आहे. दोन्ही रेणू वेगवेगळ्या रीतीने मारतात आणि दोन्ही पोचल्याचं मोजून झालं आहे, म्हणून ही जोडी मला पटते. कार्बोप्लॅटिन आणि सोनोक्लाऊडची तिसऱ्या टप्प्याची, तुलनात्मक चाचणीही सुरू झाली आहे. पहिल्यांदा परत आलेल्या गाठींत नेहमीच्या औषधांसमोर ती उभी केली आहे. आयुष्य वाढतं का, हा प्रश्न तिलाच विचारलेला आहे.

मोजण्याची पद्धत मात्र अल्ट्रासाऊंडशिवायही पसरते आहे. फिनिक्सच्या आयव्ही ब्रेन ट्यूमर सेंटरमध्ये नादेर सनाई यांचा गट शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस रुग्णाला नवं औषध देतो, मग गाठीच्या न चमकणाऱ्या भागात ते पुरेसं सापडतं का ते तपासतो, आणि सापडलं तरच त्या रुग्णाला ते पुढे चालू ठेवतो. नाही सापडलं तर औषध तिथेच थांबतं, शेकडो रुग्णांची दोन-तीन वर्षं खर्ची पडण्याआधी. निरापॅरिब हे अंडाशयाच्या कर्करोगातलं औषध या चाळणीतून पार झालं आणि आता नव्याने निदान झालेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत टेमोझोलोमाइडसमोर आहे.